भाऊ हुशार आहे, मग पगाराच्या रात्रीच असं का वागतो?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २९ वर्षांचा आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनवर काम करतो. कामात त्याचं नाव आहे, ‘केसाएवढी चूक होऊ देत नाही’ असं त्याचे मालकच सांगतात. आधी मोबाईलवर पैशांची रमी खेळायचा. कायदा आला, अ‍ॅप बंद पडलं, आम्हाला वाटलं सुटलो. आता आकडा (मटका) लावतो, क्रिकेटवर कुणा एजंटाकडून पैसे लावतो, आणि पगाराच्या आठवड्यात गोव्याची बाटलीही असते. साडेतीन लाख देणं झालंय. आईच्या पायावर हात ठेवून तीनदा शपथ घेतली. अशा माणसांचा मेंदूच उतावीळ असतो, असं एका मानसशास्त्राच्या प्राध्यापकांचं संशोधन वाचनात आलं. हे खरं का? जन्मापासूनच असतं का? बेळगावात त्याची टेस्ट होते का? माझा ८ वर्षांचा मुलगा एका जागी बसत नाही, त्यालाही पुढं हे लागेल का?
(खानापूर तालुक्यातील एक ताई)

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं मालकांचं वाक्य मी आधी घेतो, कारण सगळी मेख तिथंच आहे. वीस मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या, आत जॉब (मशीनवरचा सुटा भाग) काढणारा माणूस बेफिकीर नसतो. त्याला लक्ष देता येतं, हिशेब येतो, आठ-आठ तास उभं राहून तेच ते काम करायचा धीर त्याच्यात आहे. म्हणून घरचे म्हणतात, ‘कळतंय सगळं, मग करतो कशाला? माज आहे दुसरं काय!’ मानसशास्त्रज्ञ म्हणून गेली बावीस वर्षं हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. उद्यमबागच्या पोरांबद्दल ऐकतो, वडगावच्या मागावरच्या माणसांबद्दल ऐकतो, निपाणीच्या वखारीतल्या मुकादमाबद्दलही ऐकलंय. कळणं आणि ऐन वेळी हात मागं घेणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. एकात पहिला आलेला दुसऱ्यात नापास होऊ शकतो.

भावाला विचारा, मशीनचा स्टॉप दाबल्यावर चक (जॉब धरून फिरवणारा भाग) जागच्या जागी थांबतो का? नाही. जरा फिरतो, मग थांबतो. माणसाच्या हाताचंही तसंच आहे, आणि हे ‘जरा’ मोजायची पद्धत गॉर्डन लोगन आणि विल्यम कोवन यांनी १९८४ साली मांडली. पडद्यावर बाण येतो, डावा असला तर डावं बटण, उजवा असला तर उजवं. मधूनच एखाद्या वेळी टिंग वाजतं, वाजलं की दाबायचं नाही. हात तर निघालेला असतो. तो आवरायला निरोगी तरुणाला साधारण पाव सेकंद लागतो. व्यसनात अडकलेल्यांना, विशेषतः कोकेनसारख्या उत्तेजक द्रव्यांच्या आहारी गेलेल्यांना, सरासरीनं जास्त लागतो. एवढ्याशा फरकानं काय होतं? एकदा काही होत नाही. पण टपरीपुढून जाताना, एजंटाचा मेसेज आल्यावर, मॅचच्या प्रत्येक ओव्हरला, असं दिवसातून पन्नास वेळा हात निघत असेल तर पन्नासातलं एखादं निसटतंच.

आता तुम्ही वाचलेल्या ‘मेंदूच उतावीळ’ या शब्दांबद्दल. उतावीळपणा, ज्याला आम्ही इम्पल्सिव्हिटी म्हणतो, तो एकजिनसी नाही. अर्नेस्ट बॅरट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची प्रश्नावली जगभर वापरतात. १९९५ च्या आवृत्तीत ३० विधानं आहेत आणि त्यांतून तीन गोष्टी निघतात : मन एका जागी न ठरणं, विचाराआधी कृती होणं, पुढचं नियोजन नसणं. पुढं २००१ साली व्हाइटसाइड आणि लायनम यांनी वेगळी फोड केली, आणि रोजच्या कामात मला ती जास्त उपयोगी पडते. भावनेच्या भरात हात सुटणं हा एक भाग. आधी विचार न करणं, घेतलेलं अर्धवट सोडणं आणि थरार शोधणं हे बाकीचे तीन. नंतर पहिल्या भागाचेही दोन झाले, कारण कुणाचा हात दुःखात सुटतो, तर कुणाचा आनंदात.

हा शेवटचा भेद पुस्तकी वाटेल, पण माझ्याकडं येणाऱ्यांत तो अगदी लख्ख दिसतो. माझ्याकडं एक विणकर यायचे. सावकार घरी येऊन बोलून गेला की त्या रात्री पिणार, एरवी महिनाभर थेंब नाही. आणि एक ट्रॅक्टरवाला होता, तो दुःखात कधी प्याला नाही, वडील गेले तेव्हासुद्धा नाही. पण रताळ्याला भाव लागला, गल्लीच्या गणपतीचं डेकोरेशन जमलं, मेहुण्याला मुलगा झाला की तीन दिवस गायब. दोघांनाही मी आधी एकच सल्ला देत होतो : ‘टेन्शन आलं की मला फोन करा.’ ट्रॅक्टरवाल्यानं कधीच केला नाही, त्याला टेन्शन येतच नव्हतं! चूक माझी होती. तेव्हा भावाची टेस्ट शोधण्याआधी तुम्ही एक करा. गेल्या सहा महिन्यांत तो कधी कधी घसरला त्या तारखा आठवून लिहा, आणि प्रत्येकीपुढं त्या दिवशी दुपारी काय झालं होतं ते लिहा. भांडण, पगार, सुट्टी, मॅच, की नुसताच कंटाळा? माझ्या अनुभवात हा कागद कुठल्याही कॉम्प्युटर टेस्टपेक्षा जास्त सांगतो.

आता शपथेकडं येतो. ती तीनदा घेतली असं तुम्ही लिहिलंय आणि त्यात राग आहे. माझ्याकडं आलेला एकजण म्हणाला होता, “खोटं बोलूलो नाही ओ मी, त्या वेळी खरंच वाटत होतं.” मी त्याच्यावर विश्वास ठेवला, आणि त्याला कारण आहे.

आज ५०० रुपये घेणार की महिन्यानं १०००? असे प्रश्न रकमा बदलत विचारत गेलं, की माणसाच्या लेखी ‘उद्या’ची किंमत दर दिवसाला किती घसरते ते काढता येतं. जेम्स मेझर यांनी १९८७ साली त्याचं साधं सूत्र दिलं : दिवसांना त्या माणसाच्या घसरणीच्या आकड्यानं गुणायचं, त्यात एक मिळवायचा, आणि त्यानं रकमेला भागायचं. एखाद्याचा आकडा ०.०१ असला तर ३० दिवसांनंतरचे १००० त्याला आज ७६९ रुपयांसारखे वाटतात. आकडा ०.१ असला तर तेच हजार २५० वर येतात. मॅडन, पेट्री, बॅजर आणि बिकेल यांनी १९९७ साली हेरॉइनसारख्या अफूवर्गातल्या द्रव्यांच्या आहारी गेलेल्या लोकांची इतरांशी तुलना केली, तेव्हा त्यांची उतरण खूपच खडी निघाली. पुढं दारू, सिगारेट, जुगार, सगळीकडं हेच चित्र आलं.

पण खरी गंमत पुढं आहे. समजा त्या रात्री डाव लावण्याची मजा ५०० ची, आणि न लावता राहिलं तर २० दिवसांनी हप्ता भरून झाल्याची शांती १००० ची. भावाचा घसरणीचा आकडा ०.१ धरा. पगाराला अजून महिना आहे, तो आईसमोर बसलाय. तेव्हा त्याच्या मनात डावाची किंमत ५०० भागिले ४, म्हणजे १२५. शांतीची १००० भागिले ६, म्हणजे १६७. शांती जिंकते आणि तो मनापासून शपथ घेतो. आता १० तारीख, संध्याकाळचे साडेसहा, पगाराचा मेसेज आलाय. डाव आत्ताच आहे, म्हणून पुरा ५००. शांती अजून २० दिवस लांब, १००० भागिले ३, म्हणजे ३३३. डाव जिंकला. माणूस तोच, आकडाही तोच, फक्त जवळ आलेली गोष्ट एकदम मोठी झाली. चोर्ला घाटात लांबून लहान दिसणारी टेकडी वळणावर आली की मागचा उंच डोंगर झाकून टाकते, तसंच. शपथ घेतली तेव्हा ती खरी होती. फक्त ती महिन्याआधीच्या माणसानं घेतली, आणि १० तारखेच्या माणसाला कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून आणखी एक शपथ घेऊ नका. पुढं काय करायचं ते सांगतो, पण आकड्याबद्दल, म्हणजे मटक्याबद्दल, थोडं बोलू दे, कारण दारूपेक्षा ते जास्त चिवट आहे.

तीनेक वर्षांमागं एकानं माझ्या टेबलावर दोनशेपानी वही ठेवली. चार वर्षांचे मटक्याचे आकडे, ओपन (आधी निघणारा आकडा) लाल शाईत, क्लोज (नंतर निघणारा) निळ्या. पट्टीनं आखलेले रकाने, एक खाडाखोड नाही. आमच्या ऑफिसचं रजिस्टरही इतकं नीट नसतं! त्याचं म्हणणं, यात चाल आहे, ती सापडली की झालं. मी शेवटचा महिना कागदानं झाकला आणि म्हटलं, आधीचं सगळं बघून पुढचे तीस सिंगल, म्हणजे एकेरी आकडे, सांगा. तीसपैकी दोन बरोबर आले. नुसत्या अंदाजानं साधारण तीन येतात. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “बाकीचे एकानंच चुकले की ओ.” पाचच्या जागी सहा, आठच्या जागी सात. त्याच्या लेखी ते चुकणं नव्हतंच, जवळ येणं होतं.

हे ‘एकानं चुकलं’ प्रयोगशाळेतही दिसलंय. ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ साली लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून स्लॉट मशीनसारखा खेळ दिला. अगदी थोडक्यात हुकलं तेव्हा, पैसे गेलेले असूनसुद्धा, जिंकल्यावर जागे होणारे मेंदूचे काही भाग जागे झाले. लोकांना ते आवडलं नव्हतं, पण पुढं खेळायची इच्छा वाढली. रमीत सीक्वेन्सला एक पत्ता कमी राहतो तो याच जातीचा. त्यातच बक्षीस कधी येईल याचा नेम नाही, आणि अनियमित बक्षिसाची सवय सगळ्यांत उशिरा सुटते हे मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या काळापासून माहीत आहे. शिवाय ‘चौका तीन दिवस आला नाही, आज येणारच’ हा विचार आहेच. आकड्याला आदल्या दिवसाची आठवण नसते, आठवण माणसाला असते. बाकी हिशेब सरळ आहे : सिंगल लागायची शक्यता दहात एक आणि भाव दहाला नव्वद. म्हणजे लावलेल्या दर शंभरामागं सरासरीनं दहा रुपये जाणारच, वही कितीही नीट असो. भाऊ हुशार आहे, त्याला हे गणित स्वतः मांडू द्या. तुम्ही मांडून दाखवलंत तर तो तुमच्याशी वाद घालेल.

कायद्याचं म्हणाल तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आणली, त्याआधी कर्नाटक राज्यानं अशाच बंदीसाठी कायद्यात केलेली दुरुस्ती २०२२ साली उच्च न्यायालयात टिकली नव्हती. बंदीनं नवीन पोरं वाचतील असं मला वाटतं. ज्याची सवय आधीच मुरली आहे तो दुसरं दार शोधतो, तुमच्याकडं तेच झालंय.

जन्मापासून असतं का? काही प्रमाणात कल आधीचा असतो. केंब्रिजच्या कॅरन अर्शे यांनी २०१२ साली सख्ख्या भावंडांच्या ५० जोड्या तपासल्या. एक भावंड उत्तेजक द्रव्यांच्या आहारी गेलेलं, दुसऱ्याला तसलं काही नाही. हात आवरण्याच्या चाचणीत दोघंही इतरांपेक्षा मागं होती, मेंदूच्या रचनेतही दोघांत सारखे फरक सापडले. एवढंच वाचून लोक ‘रक्तातच आहे’ म्हणून मोकळे होतात. पण त्या ५० घरांत दुसरं भावंड तोच मेंदू घेऊन व्यसनाबाहेर राहिलं. ताई, तुमच्या घरातलं ते दुसरं भावंड तुम्ही असाल. तुम्ही कशामुळं वाचलात, लवकर पडलेल्या जबाबदारीमुळं, हातात रोकड नसल्यामुळं, की मैत्रिणींमुळं, हे भावाशी बोलण्यासारखं आहे. उपदेश म्हणून नको, गप्पा म्हणून.

उलट दिशेचाही पुरावा आहे. बिकेल आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली सिगारेट ओढणारे, कधीच न ओढलेले आणि सोडलेले अशा तीन गटांतल्या लोकांची ती ‘उद्या’ची घसरण मोजली. सोडलेल्यांची घसरण कधीच न ओढणाऱ्यांसारखी निघाली. मुळात कमी घसरणीचेच लोक सोडू शकले, की सोडल्यावर घसरण कमी झाली, हे त्या एका अभ्यासातून ठरत नाही. पण व्यसनी माणसाचा मेंदू कायमचा गेला, हे म्हणायला जागा राहत नाही. निपाणी भागात तंबाखू चघळत चाळीस वर्षं काढून मग एके दिवशी डबी विहिरीत टाकलेली म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना बिकेल ठाऊक नव्हता.

टेस्टबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. ‘इम्पल्सिव्हिटी : सिव्हिअर’ असा रंगीत आलेख काढून देणाऱ्या जागा आता वाढल्या आहेत. प्रश्नावलीतला उतावीळपणा आणि बटणाच्या चाचणीतला उतावीळपणा यांचं एकमेकांशी नातं फार क्षीण आहे, हे अनेक अभ्यासांतून पुन्हापुन्हा दिसलंय. एकात वर असलेला दुसऱ्यात मध्येच असतो. पत्त्यांच्या चार गठ्ठ्यांची प्रसिद्ध चाचणी बेचारा, डॅमासिओ आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली मांडली. दोन गठ्ठे दर पत्त्याला १०० देतात पण मधूनच मोठा खड्डा पाडतात, दोन गठ्ठे ५० च देतात पण शेवटी फायद्यात ठेवतात. मेंदूचा कपाळामागचा भाग दुखावलेले लोक मोठ्या रकमेचेच गठ्ठे उचलत राहिले. समजून घ्यायला ती चाचणी उत्तम आहे, पण एका माणसावर शिक्का मारायला ती वापरू नये.

त्यात आपल्या भागाची आणखी एक अडचण आहे. रंगांच्या नावांची स्ट्रूप चाचणी, १९३५ सालची, तुम्ही कदाचित पाहिली असेल. निळ्या शाईत ‘लाल’ छापलेलं असतं आणि शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा. शब्द आपोआप वाचला जातो म्हणून अडखळायला होतं, आणि मनाला किती लगाम आहे ते तिथं दिसतं. एका ठिकाणी मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला कन्नड तक्ता दिला होता. बसवरच्या पाट्या वाचण्यापुरतं कन्नड त्याला येतं, तेही एकेक अक्षर जुळवत. शब्द आपोआप वाचलाच जात नव्हता, त्यामुळं तो भराभर रंग सांगत गेला, आणि रिपोर्टात आलं : ‘आवेगावर उत्तम ताबा’. मी देवनागरी तक्ता दिला तेव्हा तो दुसऱ्या ओळीतच अडखळला. उलटंही होतं : परक्या भाषेतली प्रश्नावली अर्धवट समजून भरली की चांगला माणूस कागदावर बेफाम ठरतो. तेव्हा कुणी टेस्ट केलीच तर मराठीत करा म्हणावं, आणि रिपोर्ट भावाच्या हातात नुसता देऊ नका. ‘माझा मेंदूच तसा’ हे कारण एकदा मिळालं की ते पगाराच्या रात्री कामाला येतं.

निदानाला टेस्ट लागतही नाही. जुगाराचा विकार २०१३ पासून अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात दारूच्या व्यसनाच्याच घरात बसवलाय, आणि तो ठरतो बोलण्यातून : गेलेले पैसे काढायला परत लावतो का, खोटं बोलतो का, कमी करायचा प्रयत्न फसतो का, कामावर-नात्यांवर आलंय का. तुमच्या पत्रात यातली बरीच उत्तरं आहेत.

आता करायचं काय. आमची सगळी मेहनत १० तारखेच्या साडेसहाला काय होतं यावर असते. २ तारखेचा भाऊ शहाणा आहे, तर त्याच्याकडूनच व्यवस्था करून घ्या. पगार जमा होईल त्याच दिवशी हप्ता आणि घरखर्च आपोआप वळता होईल अशी सूचना बँकेत त्याच्या सहीनं द्या. यूपीआयची रोजची मर्यादा कमी करा. उरलेलं, पाचशे-हजार, त्याच्याकडं राहू दे. इथं ‘त्याच्या सहीनं’ हे महत्त्वाचं. सुरुवातीच्या काळात मी एका बाईंना सरळ सांगितलं होतं, नवऱ्याचं एटीएम कार्ड काढून घ्या. त्यांनी घेतलं. तिसऱ्या दिवशी तो पाच टक्के महिन्याच्या व्याजानं हातउसने घेऊन बसला, आणि ते देणं आम्हा सगळ्यांना वर्षानं कळलं. लावलेलं कुलूप माणूस तोडतो, स्वतः लावलेलं तोडायला त्याला निदान थांबावं लागतं.

साडेसहा ते नऊ या वेळात नेमकं काय करायचं, तेही आधी ठरवा, आणि ठरवताना ‘जर-तर’ असं बोला. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी दाखवलंय की ‘मी संयम ठेवीन’ या निश्चयापेक्षा ‘जर एजंटाचा फोन आला, तर मी तो न उचलता बहिणीला लावीन’ असं बांधलेलं वाक्य जास्त वेळा पाळलं जातं. ओढ उठली की ती लाटेसारखी चढते, आणि काही न केलं तर उतरतेही, बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत. तेवढा वेळ काढायचा. दूरचं जवळ आणायलाही एक युक्ती आहे : पुढची एखादी ठरलेली गोष्ट बारकाव्यांसकट डोळ्यांपुढं आणली की ती ‘उद्या’ची घसरण कमी होते, असं २०१० पासूनच्या प्रयोगांत दिसतं. ‘भविष्याचा विचार कर’ म्हणून काही होत नाही. ‘मार्चमध्ये घराची कौलं काढून पत्रे घालायचे, त्या दिवशी कोण कोण येईल, जेवायला काय’ हे त्याच्याशी बोला, आणि पगाराच्या आदल्या दिवशी बोला.

आमच्याकडं माळ घालायची रीत आहेच. किती पिणारे माळ घालून सुटले आणि किती नाही, हे दोन्ही मी पाहिलंय. जे सुटले ते गळ्यातल्या तुळशीमुळं सुटले असं वारकरी म्हणतील, मी वाद घालणार नाही. मला दिसतं ते असं की त्यांची संध्याकाळ बदलली. सातला हरिपाठ, बसायला वेगळी माणसं, एकादशी, आषाढीला वारी. आणि माळ सगळ्या गावाला दिसते, टपरीवाला स्वतःच म्हणतो, “माळकरी झालास न्हवं?” जे घसरले त्यांनी माळ घातली, पण संध्याकाळी त्याच कट्ट्यावर बसत राहिले. भावाला ओढ असेल तर जरूर घालू दे. भजन, कबड्डी, गल्लीतली तालीम, काहीही चालेल, पण ते १० तारखेच्या संध्याकाळी असायला हवं.

देणं एकरकमी फेडू नका. जमीन किंवा दागिना तर अजिबात नको. खातं कोरं झालं की उधारीची नवी जागा तयार होते. सगळी देणी त्याच्या हातानं एका कागदावर उतरवा आणि हप्त्यानं त्याच्याच पगारातून जाऊ द्या. कर्जाच्या अ‍ॅपवाले फोटो पाठवून धमक्या देत असतील तर १९३० वर तक्रार करा.

दारूचं त्याचं प्रमाण पगाराच्या आठवड्यापुरतं आहे, म्हणून मी तिला दुसऱ्या नंबरावर ठेवतोय. पण वाचणाऱ्या इतरांसाठी : जो रोज सकाळपासून पितो त्याची दारू घरच्या घरी एका दिवसात तोडू नका. फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जातो. हे दवाखान्यात करायचं काम आहे. दुसरं, दारू सोडवायची गोळी आमटीत गुपचूप घालून देण्याचा सल्ला गावोगाव मिळतो. त्या औषधावर दारू प्यायली तर रक्तदाब एकदम कोसळून माणूस दगावू शकतो. ज्याला माहीतच नाही तो पिणारच. मी औषधं लिहीत नाही, मानसशास्त्रज्ञ आहे, पण ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधं आहेत आणि ती मनोविकारतज्ज्ञ माणसाला सांगून देतात. बेळगावात जिल्हा रुग्णालय आहे, पलीकडं धारवाडला डिमहान्स ही मनोविकारांवर उपचार करणारी सरकारी संस्था आहे.

आणि एक प्रश्न त्याला एकट्यात, स्पष्ट शब्दांत विचारा : ‘जीव द्यावा असं कधी मनात आलं का?’ जुगारातल्या देण्यात हा धोका मोठा असतो. विचारल्यानं कल्पना सुचत नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. रात्री-अपरात्री १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक मदतसेवेचा मोफत नंबर आहे.

मुलाचं थोडक्यात. आठ वर्षांचं पोर एका जागी न बसणं हा आजार नव्हे. शाळेत आणि घरी दोन्हीकडं, सहा महिन्यांहून जास्त, अभ्यासावर आणि मित्रांवर परिणाम होण्याइतकं असेल तर एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा हा विकार) आहे का ते बघायला दाखवा. तसं निघालं तर पुढं व्यसनाचा धोका थोडा जास्त असतो हे खरं, पण त्याच्या औषधांनी व्यसन लागतं ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांना संशोधक जन्मापासून बघत आलेत. लहानपणी ज्यांचा स्वतःवर ताबा कमी होता त्यांना ३२ व्या वर्षी पैशांच्या, व्यसनाच्या अडचणी जास्त होत्या. पण वाढत्या वयात ज्यांचा ताबा सुधारला त्यांचं पुढचं बरं झालेलं दिसलं. मामाच्या शेजारी बसून तो डाव लावताना बघत असेल, तर तेवढं आजच बंद करा.

भावाला आणायचं तर १० तारखेच्या आधी आणा, २ किंवा ३ ला. त्या दिवसांत तो आपल्याशी बोलेल. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि तो तारखांचा कागद सोबत असू दे. आईंना पहिल्या खेपेला घरीच ठेवा, त्यांच्यासमोर तो पुन्हा शपथच घेईल.